बॅरिस्टर लागून गेलास का?

आमच्या आजोबांकडे रागावण्याची काही ठरलेली वाक्यं होती. त्यातलं सगळ्यात आवडतं म्हणजे, "मोठा बॅरिस्टर लागून गेलास का रे?" गृहपाठ का केला नाहीस याचं मी जरा लांबलचक स्पष्टीकरण द्यायला लागलो, की हे वाक्य यायचंच. त्यांच्या पिढीला बॅरिस्टर म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नव्हतं. बोटीने विलायतेला गेलेला, सुटाबुटातला, इंग्रजी फाडफाड बोलणारा आणि खोऱ्याने पैसा ओढणारा माणूस. गांधी, जीना, आंबेडकर, सगळे बॅरिस्टर. सावरकरही झाले असते, पण परीक्षा होऊनही ग्रेज इनने त्यांना सनद दिली नाही. थोडक्यात, बॅरिस्टर आणि गरिबी हे दोन शब्द एका वाक्यात येऊ शकतात, असं मला वयाच्या पस्तिशीपर्यंत वाटलं नव्हतं.

२०२२ च्या जूनमध्ये मी प्रोजेक्टसाठी लंडनला ऑनसाइट होतो. क्लायंटचं ऑफिस सेंट पॉल कॅथेड्रलपासून चालत पाच मिनिटांवर. २७ जूनला, सोमवारी, सँडविच घ्यायला बाहेर पडलो तर ओल्ड बेलीच्या बाहेर गर्दी. ओल्ड बेली म्हणजे तिथलं सगळ्यात प्रसिद्ध फौजदारी कोर्ट. आणि गर्दी कुणाची, तर डोक्यावर घोड्याच्या केसांचे पांढरे विग, अंगात काळे झगे आणि हातात फलक घेतलेल्या वकिलांची! मला आधी वाटलं शूटिंग चाललंय. मग कळलं की हा संप आहे. बॅरिस्टरांचा संप, आणि तोही पगारासाठी! (पगार हा शब्द चूक आहे, ते पुढे येईलच.)

तिथे एका तरुण बॅरिस्टर बाईंशी दहा मिनिटं बोलणं झालं. मी भारतातला सॉफ्टवेअरवाला आहे म्हटल्यावर त्यांनी मोठ्या उत्साहाने सगळं समजावून सांगितलं. त्या दहा मिनिटांमुळे पुढचे कित्येक शनिवार-रविवार मी या विषयात घालवले, म्हणून हा लेख. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडी व्यवस्था समजून घेऊ. इंग्लंड आणि वेल्समध्ये वकिलांच्या दोन जाती आहेत. सॉलिसिटर अशिलाला भेटतो, पोलिस स्टेशनात जातो, कागदपत्रं तयार करतो. बॅरिस्टर कोर्टात उभा राहतो, उलटतपासणी घेतो, ज्यूरीसमोर बोलतो. बहुतेक बॅरिस्टर कुणाचेच नोकर नसतात. दहा-वीस-पन्नास जण मिळून एक 'चेंबर्स' चालवतात, म्हणजे आपल्या को-वर्किंग स्पेससारखं. भाडं, कारकून, वीजबिल सगळ्यांत वाटून. आजारी पडलात तर रजा नाही, पेन्शन तुमचं तुम्ही बघायचं, कोर्टाला जायचा रेल्वेचा खर्च बऱ्याचदा तुमच्याच खिशातून. म्हणजे फ्रीलान्सरच, फक्त विगवाला.

फौजदारी खटल्यांत आरोपींपैकी बहुसंख्य लोक गरीब. त्यांच्या वकिलाची फी सरकार देतं, त्याला लीगल एड म्हणतात. आणि आरोप ठेवणाऱ्या बाजूला कोर्टात उभा राहणारा बॅरिस्टरही पुष्कळदा असाच फ्रीलान्सर असतो, त्याचीही फी सरकारच देतं. म्हणजे या धंद्यात गिऱ्हाईक एकच, आणि दर ठरवणारा तोच. घासाघीस करायला दुसरं दुकान नाही.

आता इतिहासात जाऊ, कारण खरी मजा तिथे आहे.

'आरोपीला वकील मिळालाच पाहिजे' हे आपल्याला इतकं उघड वाटतं, की ते कायम तसंच होतं असा आपला समज असतो. तसं नव्हतं. १८३६ पर्यंत इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्याच्या आरोपीच्या वकिलाला ज्यूरीसमोर भाषण करायची परवानगीच नव्हती. साक्षीदारांची उलटतपासणी फार तर घ्या, पण आरोपीच्या वतीने बोलायचं नाही. राजद्रोहाच्या आरोपीला वकील पूर्ण बोलू शकायचा, किरकोळ गुन्ह्यालाही चालायचा. पण मेंढी चोरल्याचा आरोप असेल, ज्याला तेव्हा फाशी होऊ शकायची, तर मात्र स्वतःचं तुम्हीच बोला. १८३६ च्या कायद्याने हे बदललं. पण वकील बोलू शकतो आणि वकील परवडतो, या दोन निराळ्या गोष्टी. पैसे कोण देणार, यावर त्या कायद्यात काही नव्हतं.

मग गरीब आरोपींनी काय करायचं? त्यावर एक विलक्षण प्रथा होती, 'डॉक ब्रीफ' नावाची. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं, खिशात एक गिनी आणि वर कारकुनाचे थोडे पैसे असले पाहिजेत, आणि त्या वेळी कोर्टात झगा घालून बसलेल्या कुठल्याही बॅरिस्टरकडे बोट दाखवायचं. तो नाही म्हणू शकत नसे. आता कोर्टात रिकामे बसलेले बॅरिस्टर कोण असणार? एक तर नुकतेच पास झालेले, नाहीतर ज्यांना कुणी काम देत नाही असे. जॉन मॉर्टिमर हा स्वतः बॅरिस्टर असलेला लेखक. त्याने १९५७ साली याच प्रथेवर, याच नावाचं एक नाटुकलं लिहिलं. लॉटरीचं तिकीट काढावं तसा वकील काढायचा, आणि बक्षीस म्हणून आपला गळा वाचवायचा.

१९०३ साली गरीब कैद्यांच्या बचावासाठी पहिला कायदा आला, पण त्यात पाचर अशी की मदत हवी असेल तर आपला बचाव काय आहे ते आधीच उघड करायचं. म्हणजे पत्ते उलगडून दाखवा, मग खेळायला बसा. १९३० साली ती अट गेली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रशक्लिफ समिती बसली, आणि तिच्या अहवालावरून अॅटलीच्या मजूर सरकारने १९४९ साली लीगल एडचा कायदा केला. मोफत आरोग्यसेवा १९४८ ची, हा १९४९ चा. एकाच घरातली भावंडं म्हणा ना. पण आरोग्यसेवेचं जे कौतुक तिथे होतं (त्यांनी ऑलिंपिकच्या उद्घाटनात नर्सेस नाचवल्या!), ते या धाकट्या भावंडाच्या वाट्याला कधीच आलं नाही. कारण सरळ आहे. आजारी आपण सगळेच पडतो. आरोपी मात्र 'ते दुसरे लोक' असतात. त्यातही फौजदारी भाग बराच काळ कागदावर राहिला आणि त्याची नीट घडी १९६७ च्या कायद्याने बसली.

यात बॅरिस्टरांच्या बाजूने एक गमतीची अडचण होती. त्यांची फी ही परंपरेने 'फी' नव्हतीच, ते मानधन. सद्गृहस्थ पैशासाठी काम करत नाहीत, अशी समजूत! त्यामुळे अशिलाने पैसे बुडवले तर बॅरिस्टरला दावा लावता येत नसे. १८६३ साली एका निकालाने हे पक्कं केलं आणि थेट १९९० च्या कायद्यापर्यंत ते तसंच चाललं. पैशाविषयी बोलणं हे ज्या व्यवसायात शतकानुशतकं असभ्य मानलं गेलं, त्यातले लोक २०२२ साली रस्त्यावर फलक घेऊन का उभे राहिले, हे समजायला ही पार्श्वभूमी लक्षात ठेवायला हवी.

दुसरी परंपरा म्हणजे 'कॅब-रँक' नियम. स्टँडवरच्या टॅक्सीवाल्याने पुढचं गिऱ्हाईक नाकारायचं नाही, तसं बॅरिस्टरने अशील नाकारायचं नाही. (आमच्याकडच्या रिक्षावाल्यांना हे सांगून बघा.) याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण थॉमस अर्स्किनचं. १७९२ साली त्याने थॉमस पेनचं वकीलपत्र घेतलं. पेन म्हणजे राजेशाहीवर कडाडून टीका करणारा लेखक. आणि अर्स्किन तर खुद्द युवराजाचा कायदा सल्लागार! तो खटला हरला आणि ते पदही गेलं. पण उद्या वकील म्हणू लागला की मी याचंच काम घेईन आणि त्याचं घेणार नाही, तर तो वकील न राहता न्यायाधीश होऊन बसतो, हा त्याचा युक्तिवाद तिथे आजही विद्यार्थ्यांना शिकवतात.

हं, आता पैशाकडे. इथे आपल्या धंद्यातल्या लोकांना एकदम घरच्यासारखं वाटेल.

पूर्वी लीगल एडची बिलं कामाच्या तासांवर, म्हणजे आपल्या भाषेत 'टाइम अँड मटेरियल' पद्धतीने निघायची. खर्च वाढत चालला. मग १९९७ पासून सरकारने 'ग्रॅज्युएटेड फी' आणली, म्हणजे फिक्स्ड बिड. गुन्ह्याचा प्रकार, खटल्याचे दिवस, साक्षीदारांची संख्या आणि सरकारी पुराव्याची पानं, हे सूत्रात टाका आणि फी बाहेर येते. २००६ च्या लॉर्ड कार्टर यांच्या अहवालानंतर २००७ साली या सूत्राची मोठी दुरुस्ती झाली. खटल्याआधीच्या काही तारखांची हजेरी मूळ फीमध्येच गुंडाळली गेली.

पानांवर फी! म्हणजे लाइन्स ऑफ कोडवर पगार. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको. पानं ही कष्टाची खूण म्हणून ठीक होती, जोवर पुरावा कागदावर होता. मग स्मार्टफोन आले. एका आरोपीचा फोन उतरवून घेतला की हजारो पानं. त्यातली कुठली मोजायची, कुठली नाही, यावरच वाद सुरू झाले. उलट, पोलिसांनी जमवलेलं पण सरकारी पक्षाने न वापरलेलं साहित्य, ज्यात निर्दोष माणसाला सोडवणारा एखादा मेसेज दडलेला असू शकतो, ते वाचण्याचे वेगळे पैसे २०२० पर्यंत मिळत नव्हते. म्हणजे टेस्टिंग फुकट! प्रॉडक्शनला काय होतं ते आपल्याला माहीत आहेच.

२००७ चे दर महागाईशी बांधलेले नव्हते. वर त्यातच २०१० साली, सत्तेतून जाताजाता मजूर पक्षाच्या सरकारने तीन वर्षांत मिळून १३.५ टक्के कपात ठरवली. हे मुद्दाम सांगतो, कारण ही गोष्ट नेहमी 'दुष्ट हुजूरपक्ष' अशीच सांगितली जाते. कात्री पहिल्यांदा दुसऱ्यांनी चालवली होती. मग २००८ च्या आर्थिक संकटानंतरचं काटकसरीचं पर्व, कॅमेरून यांचं आघाडी सरकार, आणि २०१२ चा कायदा, ज्याने दिवाणी लीगल एडचा तर मोठा भाग कापूनच टाकला. घरमालकाचा त्रास, कर्ज, घटस्फोट, बहुतेक सगळं बाहेर. त्याच सुमारास असा बदल झाला, की स्वतःच्या पैशाने वकील लावून निर्दोष सुटलात तरी खर्च परत मिळण्याची वाट जवळजवळ बंद. याचा चटका कुणाला बसावा? नायजेल इव्हान्स या सत्ताधारी पक्षाच्या खासदारांना. २०१४ साली ते सर्व आरोपांतून सुटले आणि सुमारे १ लाख ३० हजार पौंडांचं बिल घेऊन घरी गेले.

२०१३ साली ख्रिस ग्रेलिंग न्यायमंत्री होते. लॉर्ड चॅन्सेलर या प्राचीन पदावर कित्येक शतकांनी आलेला, वकील नसलेला माणूस. (वकील नसणं हा माझ्या मते गुन्हा नाही, पण असो.) लीगल एडमधून वर्षाला २२ कोटी पौंड वाचवायचे, असं त्यांनी जाहीर केलं. मोठ्या गुंतागुंतीच्या खटल्यांची फी एका झटक्यात ३० टक्क्यांनी कापली, आणि तीही चालू कंत्राटांवर! क्लायंटने मधेच रेट कार्ड बदललं तर आपण काय करू? तेच बॅरिस्टरांनी केलं. ६ जानेवारी २०१४ ला सकाळी ते कोर्टात गेले नाहीत. त्यांच्या इतिहासातलं हे पहिलं काम बंद. ७ मार्चला पूर्ण दिवस.

सरकारचं उत्तर ठरलेलं होतं: आकडे. वर्षाला एक लाख पौंडांपेक्षा जास्त फी मिळवणारे बाराशे बॅरिस्टर आहेत, सहा जणांना तर पाच लाखांच्या वर मिळतात, वगैरे. आकडे खोटे नव्हते. फक्त त्यात व्हॅट धरलेला होता आणि चेंबर्सचं भाडं, कारकून, प्रवास काहीच वजा नव्हतं. कंपनी क्लायंटला माझं जे बिल लावते त्याला माझा पगार म्हणण्यासारखंच झालं हे. माझ्या बिलाच्या हिशोबाने मी तर पुण्यात बंगला बांधायला हवा होता.

त्या वर्षीचा सगळ्यात नाट्यमय प्रसंग म्हणजे 'ऑपरेशन कॉटन'. जमिनीच्या गुंतवणुकीच्या नावाखाली फसवणूक केल्याचा मोठा खटला, सदर्क क्राउन कोर्टात. ३० टक्के कपातीनंतर आरोपींचं काम घ्यायला बॅरिस्टरच मिळेना. सॉलिसिटरांनी चेंबर्समागून चेंबर्स पालथे घातले. शेवटी आरोपींच्या वतीने, खटला चालूच शकत नाही असं सांगायला एक ज्येष्ठ बॅरिस्टर फुकट उभे राहिले. त्यांचं नाव अलेक्झांडर कॅमेरून, म्हणजे पंतप्रधानांचे सख्खे मोठे बंधू! १ मे २०१४ ला न्यायाधीशांनी खटला थांबवला. तीन आठवड्यांत अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला आणि पुढे खटला चालला, पण सरकारला घाम फुटायचा तो फुटलाच. त्याआधी मार्चमध्येच ग्रेलिंग यांनी बॅरिस्टरांची पुढची कपात निवडणुकीनंतरवर ढकलली होती, आणि नंतर ती प्रत्यक्षात आलीच नाही. सॉलिसिटरांची कपात मात्र थांबली नाही. "आम्हाला बरोबर घेऊन लढलात आणि तह एकट्याने केलात," हा त्यांचा राग रास्त होता, असं मला वाटतं.

२०१८ मध्ये पुन्हा तेच. सूत्रातून पानांचं महत्त्व काढून नवी पद्धत आणली; कागदांचा डोंगर असलेल्या खटल्यांची फी त्यात घसरली. एप्रिलपासून नवीन कामं नाकारणं सुरू झालं. दीड कोटी पौंड जास्त देऊ, असं सरकार म्हणालं आणि मतदानात जेमतेम ५१ टक्क्यांनी ते मान्य झालं. त्याच वर्षी 'द सीक्रेट बॅरिस्टर' नावाने एका अनामिक वकिलाचं पुस्तक आलं आणि तुफान खपलं. लोकांनी वर्गणी काढून त्याची प्रत प्रत्येक खासदाराला पाठवली. किती जणांनी वाचली, देव जाणे.

शेवटी सरकारने सर ख्रिस्तोफर बेलामी या माजी न्यायाधीशांना स्वतंत्र चौकशी सोपवली. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचा अहवाल आला. व्यवसायाच्या पहिल्या तीन वर्षांतल्या फौजदारी बॅरिस्टरचं खर्च वजा जाता मध्यम उत्पन्न २०१९-२० मध्ये वर्षाला १२,२०० पौंड होतं. पुन्हा वाचा. वर्षाला. पूर्ण वेळ काम करणाऱ्याला तासाप्रमाणे हिशोब केला तर हे तिथल्या किमान वेतनाच्याही खाली जातं. आणि हा माणूस कुणाच्या तरी दहा वर्षांच्या तुरुंगवासाचा फैसला होताना उभा राहतो! बेलामी यांनी वर्षाला किमान साडेतेरा कोटी पौंड जादा लागतील, दर निदान १५ टक्क्यांनी वाढवा, उशीर करू नका, असं लिहिलं. आणि ही फक्त पहिली पायरी आहे, हेही. गंमत अशी, की जून २०२२ मध्ये बेलामी स्वतःच लॉर्ड होऊन न्यायखात्यात मंत्री झाले. संप सुरू झाला तेव्हा ज्यांच्या अहवालाच्या प्रती बाहेर फडकवल्या जात होत्या, ते आत बसले होते.

बॅरिस्टरांची मागणी २५ टक्क्यांची होती. क्रिमिनल बार असोसिएशनचा हिशोब असा, की २००६ पासून खरं उत्पन्न सरासरी २८ टक्क्यांनी घसरलंय. १५ टक्क्यांनी तो खड्डा भरत नाही. पण खरी गोम टक्क्यांत नव्हती. मला ती त्या बाईंनी रस्त्यावर उभ्याउभ्या सांगितली. नवे दर लागू होणार होते ते फक्त ३० सप्टेंबर २०२२ नंतर सुरू होणाऱ्या प्रकरणांना. आणि मुख्य फी हातात पडते ती खटला संपल्यावर. तुंबलेली प्रकरणं तेव्हा साठ हजारांच्या घरात होती, म्हणजे आज घेतलेल्या कामाचा खटला उभा राहायला दोन-दोन वर्षं. "माझा एक खटला तीनदा पुढे गेलाय," त्या म्हणाल्या, "दर वेळी सगळे कागद नव्याने वाचायचे, आणि शेवटी पैसे जुन्या दराने." म्हणजे वाढ जाहीर आज, खात्यात जमा २०२४ मध्ये, आणि हातातल्या सगळ्या कामाला शून्य. आमच्याकडे अप्रेझलचं पत्र तीन महिने उशिरा आलं तर आम्ही कँटीनमध्ये क्रांतीच्या गोष्टी करतो.

संपाची आखणी मला एखाद्या रिलीज प्लॅनसारखी वाटली. ११ एप्रिलपासून 'नो रिटर्न्स': एकाच दिवशी दोन तारखा आल्या तर दुसऱ्याचं काम मित्रत्वाने सांभाळायचं, ते बंद. जूनअखेर पहिल्या आठवड्यात दोन दिवस, मग तीन, मग चार, मग पाच. ऑगस्टमध्ये एक आठवडा आड. ५ सप्टेंबरपासून बेमुदत. तेव्हाचे न्यायमंत्री डॉमिनिक राब चर्चेलाच बसेनात. चालू प्रकरणांना वाढ द्यायची तर फार खर्च येईल, वेळ लागेल, असं खात्याचं म्हणणं होतं. "सिस्टिममध्ये बसत नाही" हे उत्तर आपणही लोकांना किती वेळा दिलंय, हे आठवून मी जरा ओशाळलो.

मग सप्टेंबरात सगळं उलटंपालटं झालं. लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या, राब गेले, ब्रँडन लुईस आले. ८ तारखेला राणी वारली आणि संपावरचे सगळे क्वीन्स काउन्सेल एका संध्याकाळीत किंग्ज काउन्सेल झाले. २३ तारखेला सरकारने ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. त्यानंतर वकिलांना "पैसे नाहीत" असं सांगणं जरा अवघडच होतं. महिनाअखेर लुईस यांनी चालू प्रकरणांपैकी बहुतेकांना १५ टक्के लागू करायचं मान्य केलं, एकूण ५.४ कोटी पौंडांची जादा तरतूद. १० ऑक्टोबरला मतदानाचा निकाल आला: ५७ टक्के बाजूने. असोसिएशनच्या तेव्हाच्या अध्यक्षा कर्स्टी ब्रिमलो होत्या. २५ मिळाले नाहीत, पण जे 'सिस्टिममध्ये बसत नव्हतं' ते तीन आठवड्यांत बसलं.

या काळात कोर्टात काय चाललं होतं तेही सांगायला हवं, कारण संपाची किंमत संपकऱ्यांनी एकट्याने मोजली नाही. इंग्लंडात क्राउन कोर्टातल्या आरोपीला खटल्याआधी साधारण १८२ दिवसच कोठडीत ठेवता येतं. पुढे ठेवायचं तर न्यायाधीशांना 'योग्य कारण' दाखवावं लागतं. वकील संपावर आहे हे योग्य कारण आहे का? ब्रिस्टल आणि मँचेस्टरच्या न्यायाधीशांनी मुदत वाढवायला नकार दिला. ब्रिस्टलच्या न्यायाधीशांचा सूर असा, की वर्षानुवर्षं पैसे न दिल्याचा हा परिणाम आधीच दिसत होता, त्याला अचानक आलेलं संकट कसं म्हणायचं? सरकारी पक्ष हायकोर्टात गेला. २८ सप्टेंबरला हायकोर्टाने सांगितलं की अशा कारणाने मुदत वाढू शकते, पण अनंत काळ नाही, फार तर नोव्हेंबरअखेरपर्यंत. म्हणजे एकीकडे अजून दोषी न ठरलेला माणूस आत, दुसरीकडे अत्याचाराची तक्रार केलेली बाई आपली तारख पुन्हा पुढे गेली म्हणून रडतेय. मी बॅरिस्टरांच्या बाजूचा आहे, हे एव्हाना कळलंच असेल, पण या दोघांना विचारलं असतं तर त्यांनी मला काय ऐकवलं असतं याची कल्पना आहे.

पुढचं थोडक्यात. सॉलिसिटरांना बेलामींनी सांगितलेले १५ टक्के मिळालेच नाहीत. त्यांची संघटना कोर्टात गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये हायकोर्टाने सरकारची निर्णयप्रक्रिया तर्काला धरून नव्हती असं ठरवलं. तुंबलेल्या खटल्यांचा आकडा, जो २०१९ च्या शेवटी ३८ हजारांच्या आसपास होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ७९ हजारांच्या पुढे गेला. सगळा दोष फीचा नाही. कोविड होता, त्याआधी पैसे वाचवायला कोर्टाचे दिवसच कमी केलेले होते, इमारती गळतात. पण कोर्टाचे दिवस वाढवले तरी त्या दिवशी उभं राहायला माणूस लागतो. डिसेंबर २०२५ मध्ये न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांनी बऱ्याच खटल्यांतून ज्यूरी काढायची योजना मांडली, आणि त्याच वेळी बॅरिस्टरांच्या फीसाठी वर्षाला ३.४ कोटी पौंडांपर्यंत जादा देऊ असंही सांगितलं.

आणि आपल्या धंद्याचा एक तुकडा. एप्रिल २०२५ मध्ये लीगल एड एजन्सीच्या कॉम्प्युटर सिस्टिममध्ये कुणीतरी घुसलं. २००७ पासूनच्या अर्जदारांची माहिती, पत्ते, पैशाचे तपशील, गुन्ह्यांच्या नोंदीसुद्धा चोरीला गेल्या. मे महिन्यात ऑनलाइन सेवा बंद करावी लागली, ती महिनोन्महिने. वकिलांना तात्पुरत्या पद्धतीने अंदाजे रक्कम देत राहिले. जुनी सिस्टिम, मेंटेनन्सला पैसे नाहीत, सगळ्यांना माहीत असलेला धोका. माणसांवर जे पंधरा वर्षं वाचवलं तेच सर्व्हरवरही वाचवलं होतं, एवढंच.

त्या बॅरिस्टर बाईंशी अधूनमधून मेल चालू असते. तीनदा पुढे गेलेला तो खटला अखेर २०२४ च्या वसंतात उभा राहिला. तोवर एक साक्षीदार देश सोडून गेला होता. आरोपी सुटला. तो दोषी होता की नव्हता हे त्या सांगत नाहीत, मीही विचारलं नाही. फी आली, बहुतांश नव्या दराने. आता त्या आठवड्यातले तीन दिवस फौजदारी कामं घेतात आणि दोन दिवस एका बँकेच्या चौकशीचं काम करतात. घरभाडं त्या दोन दिवसांतून निघतं, म्हणाल्या.